लेसर-शस्त्र आणि पावसाळी हवा



२०२५ सालच्या मे महिन्याची ७ तारीख आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. नागरी संरक्षणाच्या सरावासाठी त्या सायंकाळी आपल्या शहरातले दिवे काही वेळ मालवण्यात आले होते. कागदोपत्री शहराचे नाव वडोदरा. परंतु आपण मराठी माणसे घरात अजूनही बडोदेच म्हणतो, तेव्हा आजच्या भाषणापुरती तेवढी मोकळीक मी घेतो. आम्ही पडदे ओढून अंधारात बसलो होतो. माझ्या आईने १९७१ चा डिसेंबर पाहिला आहे. त्या वेळी काचांना काळे कागद डकवलेले असत आणि मोटारींच्या दिव्यांना अर्ध्यापर्यंत काळा रंग फासलेला असे. बसल्या बसल्या ती म्हणाली, "तेव्हा आभाळ भरून आले की बरे वाटायचे रे. वरच्याला खालचे दिसत नाही, एवढाच आधार."

मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले, की ढगांच्या आधाराचे दिवस आता गेले. त्याच वर्षी १३ एप्रिल रोजी आंध्र प्रदेशातील कुर्नूल येथे आपल्या संरक्षण संशोधन व विकास संघटनेने ३० किलोवॅट शक्तीच्या लेसर-शस्त्राची चाचणी घेतली होती. स्थिर पंखांचे वैमानिकरहित विमान आणि ड्रोनांचा थवा या शस्त्राने पाडून दाखवला. काही सेकंदांच्या अशा माऱ्याचा खर्च एक-दोन लिटर पेट्रोलच्या किमतीएवढा येतो, असेही त्या वेळी अधिकृतपणे सांगण्यात आले. आईने सर्व ऐकून घेतले आणि "बरे झाले," एवढेच म्हणाली.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच आठवड्यात बाहेर पाऊस कोसळत असताना हा विषय वर्गात निघाला. खिडकीजवळ बसणाऱ्या एका मुलाने विचारले, "सर, असा पाऊस पडत असेल तर तो किरण चालेल का?"

शिक्षकाला एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल तर त्याने तसे सांगावे, हे आम्ही शिक्षक होताना शिकतो आणि वर्गात उभे राहिल्यावर विसरतो. मी ठणकावून सांगितले, की तीस किलोवॅटचा किरण म्हणजे काही हातातला टॉर्च नव्हे. पावसाचे थेंब त्याच्या वाटेत आले तर त्यांची वाफ होऊन जाईल. मुलगा खाली बसला. घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली, तेव्हा माझे उत्तर किती चुकीचे होते ते कळले. दोन मिलिमीटर व्यासाच्या थेंबाची पुरती वाफ व्हावयास सुमारे दहा ज्यूल उष्णता लागते. वीस सेंटिमीटर जाडीच्या झोतातून तो थेंब पडत असता झोताच्या दहा हजारांश भागाएवढाच प्रकाश त्याच्यावर पडतो, म्हणजे तीन वॅट. आणि तो झोतात असतो सेकंदाचा तिसावा हिस्सा. हिशोब केला तर त्याला एक-दशांश ज्यूलदेखील मिळत नाही. त्यातही या जातीचा किरण पाण्यात फारसा शोषला जात नाही. थेंब जसा आला तसा निघून जातो. आणि आपल्या वाट्याचा प्रकाश मात्र इकडेतिकडे उधळून जातो.

त्यानंतर या प्रश्नाचा जो काही अभ्यास माझ्याच्याने झाला, तो आज आपल्यापुढे ठेवीत आहे. मी शास्त्रज्ञ नव्हे; मुलांना प्रकाशाचा धडा शिकवणारा मास्तर आहे. परंतु हा प्रश्न बव्हंशी त्या धड्याचाच आहे.

लेसरचा जन्म १९६० सालचा. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून तो प्रथम काढला. पुढे चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेतील कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला आणि लोखंड कापण्याइतकी शक्ती या प्रकाशात आणता येईल हे प्रथमच स्पष्ट झाले. या गृहस्थांचा जन्म १९३८ साली बारामतीचा आणि शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. आडनाव गुजराती, गाव मराठी. बडोद्याच्या माणसाला यात काही नवल वाटू नये! पटेलांच्या लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर होती. आजची बहुतेक लेसर-शस्त्रे काचतंतूच्या लेसरवर चालतात व त्यांची तरंगलांबी एक मायक्रोमीटरच्या आसपास असते. तरंगलांबी लहान असली म्हणजे झोत दूरवर नेऊनही लहानशा ठिपक्यात आवळता येतो, हा त्यातला मुख्य लाभ. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. चित्रपटांत दिसणारी हिरवी-तांबडी तलवार येथे नसते.

आणि समजा, दिसलाच, तर ते चांगले लक्षण नव्हे. हे वर्गात दाखवण्यासाठी मी एक सोपा प्रयोग केला. काचेच्या लांबट भांड्यात स्वच्छ पाणी घेतले आणि त्याच्या एका टोकातून लेसर पॉइंटरचा लाल किरण पाठवला. पाण्यात काहीच दिसेना. समोरच्या भिंतीवर मात्र झगझगीत ठिपका पडला. मग ड्रॉपरने दुधाचा एक थेंब टाकून ढवळले. त्याबरोबर पाण्यातून एक सुंदर लाल रेघ उमटली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना भिंतीकडे पाहावयास सांगितले. तेथला ठिपका मंद झाला होता. आणखी दोन-तीन थेंब पडले तसे सारे भांडे गुलाबी उजेडाने भरून गेले आणि भिंतीवरचा ठिपका नाहीसा झाला. पॉइंटर तोच होता. जो प्रकाश भिंतीवर जावयाचा, तो दुधाच्या कणांनी वाटेतच विखुरून आमच्या डोळ्यांत पाठवला होता. ज्या मुलाने पावसाचा प्रश्न विचारला होता, त्याला मी सर्वांच्या देखत सांगितले, की माझे त्या दिवशीचे उत्तर चूक होते. वर्ग थोडा वेळ गप्प झाला. मग एकाने विचारले, "म्हणजे सर, धुके म्हणजे हे दूधच का?"

अगदी तेच.

आता हा तोटा किती, हे मोजण्याचे माप हवामानखात्याने फार पूर्वीच करून ठेवले आहे. रोजच्या वृत्तात दृश्यता इतके किलोमीटर असे आपण ऐकतो. तिची शास्त्रीय व्याख्या अशी आहे, की जेवढे अंतर चालून गेल्यावर प्रकाशाच्या झोतातील शेकडा पाच भागच शिल्लक राहतो, तेवढी दृश्यता. ही व्याख्या हाती आली म्हणजे लेसर-शस्त्राचे भवितव्य शाळेतल्या गणितानेही काढता येते.

आपल्या शहराच्या ईशान्येस पावागड सुमारे चाळीस किलोमीटरांवर आहे. पावसाळा संपल्यानंतरच्या एखाद्या निर्मळ सकाळी उंच गच्चीवरून त्याची आकृती ओळखता येते. अशा दिवशी एक किलोमीटरवरील ड्रोनवर ३० किलोवॅटचा झोत सोडला तर त्यातील सुमारे २८ किलोवॅट त्याच्यापर्यंत पोचतात. हवा धूसर होऊन दृश्यता पाच किलोमीटरांवर आली, की पोचतात साडेसोळा. दृश्यता एक किलोमीटर झाली — शास्त्र यालाच धुक्याचा आरंभ समजते — की उरतो केवळ दीड किलोवॅट. म्हणजे आपल्या न्हाणीघरातल्या गीझरएवढी शक्ती. आणि डिसेंबरात पहाटेच्या मिसाला जाताना एखादे दिवशी विश्वामित्रीच्या पुलावर दोनशे मीटरांपलीकडचे काही दिसत नाही, तसे दाट धुके असेल, तर कागदावरच्या हिशोबाने तीस हजार वॅटांतून एका वॅटाचा शंभरावा हिस्सादेखील पोचत नाही. हे माझ्या वर्गातल्या दोन लेसर पॉइंटरांएवढे झाले. अवरक्त किरण विरळ धूसर हवेतून दृश्य प्रकाशापेक्षा थोडा अधिक जातो, हे खरे. परंतु दाट धुक्यात ही सवलतही उरत नाही.

कोणी म्हणेल, शक्ती वाढवा. एक किलोमीटर दृश्यतेत स्वच्छ हवेतला परिणाम साधावयाचा तर सुमारे वीसपट शक्ती हवी, म्हणजे सहाशे किलोवॅटांच्या घरात. आणि तरी दृश्यता अर्ध्यावर आली की पुन्हा वीसपट. हा पाठलाग माणसाने धुक्याशी करू नये. शिवाय फार प्रबळ झोत स्वतःच्या वाटेतली हवा तापवतो; तापलेली हवा विरळ होते आणि भिंगासारखी वागून झोताला पसरवते. वारा पडलेला असेल तर हा उपद्रव अधिक. म्हणजे शक्ती वाढवण्याची शिक्षाही शक्तीलाच.

दुसरा उपाय म्हणजे शत्रूला जवळ येऊ देणे. तेवढ्याच धुक्यात तीनशे मीटरांवर बारा किलोवॅट पोचतात, आणि ते काही थोडे नव्हेत. परंतु ताशी १८० किलोमीटर वेगाचा ड्रोन सेकंदाला ५० मीटर कापतो. तीनशे मीटरांवरून त्याला येऊन पोचावयास सहा सेकंद पुरतात. बंदुकीची गोळी लागली की काम झाले. लेसरचे तसे नाही. त्याला एकाच जागी ठिपका धरून ठेवावा लागतो आणि कवच भाजून निघेपर्यंत वाट पाहावी लागते. समजा, स्वच्छ हवेत एका किलोमीटरवर या कामाला चार सेकंद लागतात. धूसर हवेत सात लागतील. धुक्यात सरळ त्रैराशिकाने सव्वा मिनिट होते, आणि तेवढ्या वेळात पाहुणा पावणेचार किलोमीटर पुढे गेलेला असेल. त्रैराशिकही येथे उदारच म्हटले पाहिजे. कारण मंद आच दिली तर उडत्या वस्तूला लागणारा वारा ती उष्णता तेथल्या तेथे उडवून नेतो. ओल्या लाकडाला काडी लावून बसल्यासारखे ते होईल. आणि हे एका ड्रोनचे झाले. दहा आले तर दहांना रांगेत उभे राहा म्हणून सांगणारा तेथे कोणी नसतो.

पावसाच्या बाबतीत मात्र मुलाची शंकाही सर्वस्वी खरी ठरत नाही, हे सांगितले पाहिजे. पाण्याचे तेच वजन जितक्या बारीक थेंबांत वाटले जाते, तितका त्याचा आडोसा वाढतो. एक मिलिमीटरचा पावसाचा थेंब आणि एक-शतांश मिलिमीटरचा धुक्याचा कण यांत, पाणी सारखेच घेतले तर, धुके शंभरपट प्रकाश अडवते. म्हणूनच छत्री उडवून नेणाऱ्या पावसातही रस्त्यापलीकडचे दुकान आपल्याला दिसते आणि अंगाला न जाणवणाऱ्या धुक्यात ते नाहीसे होते. हलक्या सरीत लेसर काम करू शकेल. फक्त त्याचा पल्ला आखडेल. आपल्याकडील पावसाळ्याची खरी अडचण पडणाऱ्या पाण्यापेक्षा खाली उतरलेल्या ढगांची आहे. ढग म्हणजे वर टांगलेले धुकेच, आणि त्यात शिरलेला ड्रोन एखाद्या घरात शिरून दार लावून घेतल्यासारखा असतो.

उन्हाळा तरी निर्वेध आहे काय? वैशाखात डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी हलल्यासारखे दिसते. तापलेल्या जमिनीवरून हवेच्या लाटा उठतात आणि त्यांतून जाणारा प्रकाश थरथरतो. ताऱ्यांचे लुकलुकणे हाच प्रकार. एक किलोमीटरवर तळहाताएवढ्या ठिपक्यात आवळून धरावयाचा झोत असा थरथरला, तर ठिपका विस्कटतो आणि आच बसत नाही. खगोलशास्त्रज्ञांनी आपल्या दुर्बिणींसाठी यावर एक विलक्षण उपाय काढला आहे: हवेची थरथर मोजून तिच्या उलट आकार क्षणाक्षणाला घेणारा लवचिक आरसा. लेसर-शस्त्रांतही त्याचा उपयोग करतात. थरथर अशा रीतीने काही अंशी सुधारता येते. धुक्यात मात्र प्रकाश वाकडा होत नाही, तो हरवतो; आणि हरवलेल्याला आरसा काय करणार?

याहूनही आधीची एक अडचण आहे. रडारच्या लांब लहरी धुक्यातून जातात, त्यामुळे ड्रोन येत आहे हे कळेल. परंतु लेसरचा ठिपका ड्रोनच्या एका विवक्षित भागावर स्थिर धरावयाचा तर शेवटचा नेम डोळ्याने, म्हणजे कॅमेऱ्याने, घ्यावा लागतो. जे धुके किरणाला अडवते ते कॅमेऱ्यालाही सोडत नाही. जाळणे दूरच राहिले. प्रथम दिसले पाहिजे.

येथे एक प्रतिवाद मी स्वतःच उभा करतो, कारण तो खरा आहे. वाईट हवा ड्रोनलाही वाईटच. २०२५ च्या नोव्हेंबरात युक्रेनमधील पोक्रोव्स्क शहरात दाट धुके पडले, तेव्हा युक्रेनची पाळत ठेवणारी ड्रोने आंधळी झाली आणि तो मोका साधून रशियन सैनिक मोटारसायकलींवरून शहरात शिरले. चार पंख्यांचे छोटे ड्रोन पावसाला आणि वाऱ्याला भिते. त्याचा कॅमेरा ओला झाला की चालवणारा हताश होतो. परंतु सर्व ड्रोन पाहून चालत नाहीत. स्थिर पंखांच्या लांब पल्ल्याच्या ड्रोनला निघण्यापूर्वीच ठिकाणाचे अक्षांश-रेखांश पढवलेले असतात. तेलाची टाकी किंवा धावपट्टी जागची हलत नाही. ती पाहण्याची त्याला गरजच नाही. तेव्हा धुक्यात आपण दोघेही आंधळे होतो असे नव्हे. नेम धरणारा आंधळा होतो. पाठ केलेल्या वाटेने येणारा येतोच.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणू. २०२५ च्या मे महिन्यात ८ व ९ तारखांमधल्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे तीनशे ते चारशे ड्रोन आल्याचे सरकारने सांगितले. दुसऱ्या रात्रीच्या वृत्तात बारामुल्लापासून भुजपर्यंतच्या २६ ठिकाणांचा उल्लेख होता. त्या रात्रींत कामी आली ती मुख्यतः एल-सत्तर, झू-तेवीस आणि शिल्का या जातींच्या तोफांसारखी जुनी साधने, नव्या दृष्टीने सजवलेली. त्यांच्या जोडीला क्षेपणास्त्रे आणि ड्रोनचे रेडिओ-संदेश बुजवणारी यंत्रे. तो मे महिना होता. तीच रात्र जानेवारीतल्या पंजाबात कल्पून पाहा. अमृतसरला त्या दिवसांत विमाने उतरू शकत नाहीत, असे धुके असते. जुलैतल्या कच्छात कल्पा. आणि वैशाखातल्या धुळीच्या वावटळीतही. लेसरला खरोखर सुखाचे म्हणता येतील असे महिने या सरहद्दीवर थोडेच. बाकीच्या काळात चांगले दिवस असतात, पण ते आपल्या हाती नसतात. आणि चढाई करणाऱ्याला मात्र हवामानाचा अंदाज पाहून रात्र निवडता येते. कुर्नूलची चाचणी कोरड्या रायलसीमेत, एप्रिलात झाली. यात मी उणे काढीत नाही. नवे यंत्र प्रथम चांगल्या हवेतच तपासावयाचे असते. पण त्या चाचणीवरून पंजाबातल्या पौषाचे अनुमान काढू नये.

आपल्या शहरापुरता एक विचार मनात येतो, तोही सांगून टाकतो. २०२४ च्या नोव्हेंबरात कोयलीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात आग लागली, तेव्हा तिच्या धुराचा लोळ शहरातल्या गच्च्यांवरून दिसत होता. तो अपघात होता. पण समजा, पहिला ड्रोन निसटला आणि टाकी पेटली, तर त्या धुराच्या आडून येणाऱ्या दुसऱ्या ड्रोनवर लेसरचा झोत कसा पोचणार? वाईट हवा आकाशातूनच येते असे नाही. शत्रूही ती तयार करू शकतो.

मग हे शस्त्र निरुपयोगी म्हणावयाचे काय? मुळीच नाही. त्याची बाजू फार भक्कम आहे. काही लाख किंवा काही कोटी रुपयांचे क्षेपणास्त्र स्वस्त ड्रोनवर खर्ची घालणे हा उंदरामागे हत्ती लावण्याचा प्रकार आहे, आणि शत्रूला तेच हवे असते. लेसरचा दारूगोळा वीज चालू आहे तोवर संपत नाही. ब्रिटनने २०२४ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांत 'ड्रॅगनफायर' या लेसरचा प्रयोग केला आणि एका माऱ्याचा खर्च दहा पौंडांहून कमी असल्याचे सांगितले. २०२७ पासून ते नौदलाच्या जहाजांवर बसवण्याचे त्यांनी ठरवले आहे. इस्रायलने २०२४ च्या लढाईत लेसरने शत्रूची ड्रोने पाडल्याचे मे २०२५ मध्ये जाहीर केले. मात्र त्यांनी आपली क्षेपणास्त्रांची जुनी व्यवस्था मोडीत काढली नाही. आपल्याकडेही लहान लेसर असलेली ड्रोनविरोधी यंत्रणा आहे. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष अहमदाबादेत मोटेरा येथे आले, तेव्हा संघटनेची ड्रोनविरोधी यंत्रणा तेथे उभी होती.

मला सर्वांत आशादायक वाटली ती २३ ऑगस्ट २०२५ ची ओडिशाच्या किनाऱ्यावरील चाचणी. तेथे लेसर एकटा नव्हता. जमिनीवरून मारा करणारी दोन प्रकारची क्षेपणास्त्रे त्याच्या जोडीला होती आणि एकाच सूत्रातून तिघांना हुकूम सुटत होते. वेगवेगळ्या अंतरांवरची तीन लक्ष्ये, दोन वेगवान वैमानिकरहित विमाने आणि एक बहुपंखी ड्रोन, त्यांनी एका वेळी टिपली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नागपूरच्या सोलर या उद्योगसमूहाच्या संरक्षण शाखेने ओडिशातच गोपालपूर येथे 'भार्गवास्त्र' नावाच्या छोट्या अग्निबाणांची चाचणी दिली. ड्रोनांच्या थव्यावर स्वस्तात मारा करण्यासाठी ते बनवले आहेत. अग्निबाणाला धुक्यातून जावयास काही अडचण नसते. आकाश निर्मळ असता लेसरने बोलावे आणि ते भरून आले की अग्निबाणाने आणि तोफेने, अशी ही वाटणी.

परंतु या वाटणीचा हिशोब नीट मांडला पाहिजे, आणि माझे जे काही म्हणणे आहे ते एवढेच आहे. आमच्या गच्चीवर सौर बंब आहे. आठ महिने तो फुकट कढत पाणी देतो. आषाढात तो गार पडतो, म्हणून खाली न्हाणीघरात विजेचा गीझर ठेवावा लागतो. सौर बंबाच्या विक्रेत्याने मला कधीही गीझरची किंमत सांगितली नाही. ती मला पहिल्या पावसाळ्यात कळली. लेसरच्या माऱ्याला दोन लिटर पेट्रोलचा खर्च हा चांगल्या दिवसाचा भाव आहे. धुक्याच्या दिवसासाठी शेजारी जी तोफ सज्ज ठेवावी लागेल, तिचे गोळे, तिचे गोलंदाज, त्यांचा बारमाही सराव, हे सर्व लेसरच्याच खात्यावर लिहिले पाहिजे. तसे लिहूनही लेसर परवडेल, असे मला वाटते. भीती एवढीच आहे, की दोन लिटर पेट्रोलचा आकडा ऐकून उद्या कोणी हिशेबनीस म्हणेल: आता या जुन्या तोफा कशाला पोसावयाच्या? आणि तोफा गेल्या की धुक्याची पहिली रात्र येईल.

अधिकृत चाचण्यांची वृत्ते आपण अभिमानाने वाचतो, तसे वाचणे योग्यही आहे. मात्र त्यांत पल्ला आणि शक्ती यांच्या शेजारी त्या दिवशीची दृश्यता किती होती तोही आकडा असावा, असे मला एक शिक्षक म्हणून वाटते. शत्रूला त्यातून काही गुपित कळणार नाही. हवामान तोही पाहतोच. आपल्या लोकांना मात्र कोणत्या रात्री कशावर विसंबावयाचे ते कळेल.

आईला मी हे सारे पुन्हा सांगितले. तिने विचारले, "म्हणजे आता ढग आले की बरे वाटायचे की भ्यायचे?" मी म्हणालो, शेजारी तोफ असेल तर काही वाटून घ्यायचे नाही. तिला ते पटले की नाही कोण जाणे; तिने पुढे काही विचारले नाही.

वर्गातल्या त्या मुलाने आता एक वही घातली आहे. रोज सकाळी शाळेत येण्यापूर्वी तो आपल्या इमारतीच्या गच्चीवर जातो आणि तारखेपुढे पावागड दिसला किंवा दिसला नाही असे लिहितो. तो न दिसल्यास किती दूरपर्यंत दिसते, याची खूण म्हणून त्याने जवळची काही ठिकाणे ठरवून घेतली आहेत: पाण्याची टाकी, एक धुरांडे, लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा. वर्षभराची नोंद झाली, की आपल्या बडोद्यात किती सकाळी तो किरण चालला असता हे आम्ही मिळून काढणार आहोत. उत्तर काय येईल ते मी या वेळी आधी सांगितलेले नाही.